जंभेरीवर बांधलेली जीप

नरखेड तालुक्यात जुन्या जीपपाशी उभं राहून "ही कोणत्या कंपनीची हो?" असं सहज म्हणून विचारू नये. हाताशी वेळ असेल तरच विचारावं. मालक आधी बॉनेटवर थाप मारून सांगतो, "महिंद्रा." मग जरा वाकून, "पुढचा एक्सल तेवढा विलीजचा." मग एक गुडघा टेकून, "ट्रान्सफर मिलिटरी डिस्पोजलचं हाये." आणि शेवटी पार उकिडवा बसून, आवाज खाली आणून, "मागचा एक्सल कोनाचा हाय थे उस्तादले मालूम." तोवर तुम्हीही उकिडवे बसलेले असता आणि चहा आलेला असतो.

बाहेरून आलेल्या पाहुण्याला या वंशावळीची गंमत वाटते. इथल्या माणसाला वाटत नाही, कारण त्याचं सगळं पोटपाणी अशाच जोडकामावर उभं आहे. नागपुरी संत्र्याचं झाड मुळापासून संत्र्याचं नसतंच. खाली जंभेरीचा खुंट आणि त्यावर वीतभर उंचीला बांधलेला संत्र्याचा डोळा. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वरुड, शेंदुरजना घाट. तिथल्या रोपवाटिकांत डोळे बांधणारे कारागीर बसल्या बैठकीला ओळीच्या ओळी उरकतात. मातीशी, पाण्याशी झगडायचं जंभेरीनं आणि गोडी मिरवायची संत्र्यानं. २०१४ मध्ये नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा जंभेरीचं नाव कुणी काढलं नाही, आणि जंभेरीनंही अर्ज केला नाही. मग चेसिस एका घरची आणि एक्सल दुसऱ्या घरचा, यात नवल ते काय? कलम धरलं म्हणजे झालं.

खरं सांगायचं तर कारखान्यानं तरी वेगळं काय केलं? विलीजची जीप अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धासाठी बनली. विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. युद्ध संपता संपता, १९४५ साली, आपल्याकडे महिंद्रा अँड मोहम्मद नावाची कंपनी निघाली. फाळणी झाली. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीला गाडीच्या आधी स्वतःच्या नावातलाच एक भाग बदलावा लागला. तिकडे अमेरिकेत १९५३ मध्ये विलीजनं नवीन इंजिन काढलं, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच उंच केलं. हीच ती आपल्याकडे अनेक वर्षं चाललेली उंच कपाळाची जीप. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा त्याच जीपमध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन बसलं. ऐंशीच्या दशकात एमएम ५४० आली तिच्यात फ्रान्सच्या प्यूजोचं २११२ सीसीचं इंजिन होतं. म्हणजे अंग अमेरिकेचं, काळीज फ्रान्सचं, पत्ता मुंबईचा. आता आमच्या भाऊजींनी त्यात काटोल रोडवर आणखी एक सांधा घातला, तर त्यांनाच तेवढं जुगाडू का म्हणावं?

भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान. जामनदीच्या अंगाला संत्र्याचा बगीचा, थोडी मोसंबी, आणि घरासमोर शेडमध्ये एक जीप. जीप चालू असते किंवा उघडलेली असते. तिसरी अवस्था मी पाहिलेली नाही. त्यांना चारही चाकांना जोर असलेली गाडी का हवी, याचं उत्तर पावसाळ्यात द्यायची गरज पडत नाही. इथली काळी माती कोरडी असली तर तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ओली झाली की ती चपलेसकट माणूस मागते. शेतात जायला पांदण. मृगाचे दोन पाऊस झाले की पांदणीवर मागच्या दोन चाकांची गाडी एका जागी उभी राहून स्वतःसाठी खड्डा खणते. अशा वेळी पुढच्या चाकांनीही ओढायला पाहिजे. ते काम ट्रान्सफर केसचं. गिअरबॉक्सच्या पाठीशी बसलेला हा लोखंडी डबा इंजिनाचा जोर पुढे आणि मागे वाटून देतो, आणि त्याला दुसरा दांडा असतो तो हळू चालीचा. विलीजच्या जीपचा हिशेब काढून पाहण्यासारखा आहे. पहिल्या गिअरात २.८ पट, ट्रान्सफरच्या हळू चालीत २.४६ पट, एक्सलमध्ये ५.३८ पट. गुणाकार करा, सदतीस येतात. इंजिनानं सदतीस गिरक्या घ्यायच्या तेव्हा चाक एकदा फिरणार. अशी गाडी चिखलातून निघाली की शेजारून चालणारा माणूस ड्रायव्हरशी गप्पा मारत, तंबाखू मळत, मध्येच लघवीला थांबून पुन्हा तिला गाठू शकतो.

एवढं सगळं ठीक. पण चिखलाचे दिवस मोजायला गेलं तर फार नसतात. पाऊस उघडला की आठ दिवसांत पांदण कडक होते. आंबिया बहाराची संत्री तोडायची वेळ येते ती दिवाळीच्या मागेपुढे, तेव्हा व्यापाऱ्याचा साधा मिनीट्रकही झाडापर्यंत येतो आणि कॅरेट भरून जातो. जीपला फोर व्हील वर्षातून काही दिवस लागतं, जीपच्या मालकाला मात्र बाराही महिने. हा फरक ताईला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळला. भाऊजींना अजून कळायचा आहे.

उन्हाळा म्हणजे एक्सलचा हंगाम. हाताला काम कमी असतं आणि जीपचा मिस्त्री, म्हणजे उस्तादही, मोकळा असतो. उस्तादचं गॅरेज म्हणजे एक कडुलिंब, त्याच्या फांदीला चेनकप्पी, दोन पत्रे, आणि जमीन अशी की तिला काडी लावली तर पेटेल. आजूबाजूला एक्सल पडलेले. गवतात, भिंतीला टेकून, एक तर बाकडं म्हणून वापरात. कोणता कोणाचा, हे त्याच्याकडे कुठे लिहिलेलं नाही. सगळं डोक्यात.

तिथे मी एक गोष्ट पाहिली, जी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवत असतील तर चांगलंच आहे. विलीजच्या युद्धकाळातल्या जीपचा एक्सल आणि नंतरच्या जीपचा एक्सल बाहेरून बघाल तर भाऊ-भाऊ. पण आतले दाते वेगळे. युद्धातल्या गाडीत पिनियनला ८ आणि क्राऊनला ३९ दाते, म्हणजे ४.८८. नंतरच्या गाड्यांत ८ ला ४३, म्हणजे ५.३८. आता पुढे एक आणि मागे दुसरा लागला तर? साध्या रस्त्यावर दोन चाकांवर चालवा, काही कळणार नाही. महिनोन् महिने कळणार नाही. मालक गावभर एक्सलचं कौतुक सांगत फिरेल. मग पहिल्या चिखलात दांडा ओढला की मागची चाकं शंभर फेऱ्या मारू म्हणतात तेव्हा पुढची नव्वद-एक्याण्णववरच अडतात. चिखल मऊ असेल तोवर घसरून घसरून भागतं. चाकं कडक जमिनीवर आली, की तो नऊ-दहा फेऱ्यांचा फरक कुठे जाणार? प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये जातो. क्रॉस तुटतो तो आवाज बगीच्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो आणि ताई चहाचं आधण ठेवते, कारण आता माणसं जमणार.

तर हे आधीच ओळखायचं कसं? एक्सल न उघडता? उस्तादनं पुढचं एक चाक जॅकवर उचललं, दुसरं जमिनीवर टेकलेलं राहू दिलं, गाडी न्यूट्रलला टाकली. प्रोपेलर शाफ्टवर खडूची एक रेघ मारली आणि टायरवर दुसरी. उचललेलं चाक हातानं दोनदा पूर्ण फिरवलं. एकदा नाही, दोनदा. एक चाक अडलेलं असलं की डिफरेन्शियल दुसऱ्याला दुप्पट पळवतं, म्हणून दोन फेऱ्यांना एक धरायची. पोऱ्या आडवा झोपून शाफ्टच्या फेऱ्या मोजत होता.

"किती?"

"पाच… आन् थोडंसंक वर."

"थोडंसंक म्हंजे किती बे?"

"तिसऱ्या हिश्शाच्या वर हाये."

"मंग हा पाच-अडतीस. आता मागचा पाय."

मागच्याला पाच भरायच्या आतच चाकाची दुसरी फेरी संपली. उस्ताद उठला, हात पुसले आणि भाऊजींकडे वळून म्हणाला, "काकाजी, दोन घरचे हाये. संसार नाई व्हनार." खडूच्या एका कांडीत निकाल. भाऊजींचा चेहरा उतरला नाही, उलट खुलला. कारण आता नवीन एक्सल शोधायला जायचं कायदेशीर कारण मिळालं.

कायदेशीर हा शब्द सवयीनं आला, त्याकडे नंतर येऊ.

आधी एक्सल शोधण्याचं बघू. कामठीला छावणी आहे, तिकडे जबलपूरला लष्करी गाड्यांचा कारखाना आहे, आणि लष्करानं काढून टाकलेल्या गाड्यांचा लिलाव होतो. पूर्वी लिलावाला पांढरा सदरा घालून जायची पद्धत होती, आता सगळं ऑनलाइन झालं आणि अर्धी मजा गेली, असं जाणते म्हणतात. लिलावात अख्खी जोंगा किंवा निस्सानचा एकटनी मिळतो. सुटा एक्सल हवा तर मुंबईचं कुर्ला, दिल्लीचं मायापुरी, किंवा हरियाणातली मंडी डबवाली. डबवालीत तर जुन्या जीपच्या हाडांवर नवीन जीप उभी करून देणारी गल्लीच्या गल्ली आहे. नरखेडला या सगळ्याची एक सोय आहे. इथला संत्रा ट्रकनं दिल्लीला आझादपूर मंडीत जातो. ट्रक रिकामा परत येण्यापेक्षा काहीतरी घेऊन यावा, असं ड्रायव्हरलाही वाटतं. भाऊजींच्या शेडमधला एक एक्सल तसाच आला आहे. जाताना कॅरेट, येताना क्राऊन-पिनियन. ताईनं हिशेब विचारला तेव्हा भाऊजी म्हणाले, "भाडं नाई लागलं." वस्तूची किंमत किती, हा तिचा प्रश्न होता. भाडं लागलं नाही, हे उत्तर ते अजून देत आहेत.

मायापुरीहून येणाऱ्या एक्सलबरोबर कुंडली येत नाही. स्प्रिंगचे पाटे बसायच्या जागा वेगळ्या अंतरावर, म्हणून कापायच्या, पुन्हा वेल्ड करायच्या. रुंदी दोन-तीन इंचांनी जास्त, म्हणून पुढची चाकं एका चाकोरीत आणि मागची आपापली वेगळी चाकोरी पाडत येणार. पांदणीवर अशी एकच जीप गेली तरी मागून येणाऱ्याला दोन गेल्याचा भास होतो. शाफ्टची लांबी कमी पडते, मग तो लेथवर नेऊन जोडायचा. या सगळ्या जोडाजोडीचा मूळपुरुष म्हणजे क्लॅरेन्स स्पायसर. त्यानं १९०३ साली मोटारीच्या युनिव्हर्सल जॉइंटचं पेटंट घेतलं, म्हणून एक्सल वरखाली झाला तरी शाफ्ट फिरत राहतो. त्याचा फोटो एकाही गॅरेजात लावलेला मी पाहिला नाही, हनुमानाचा मात्र आहे. आणि एक चमत्कार सांगायलाच हवा. जीपच्या चाकाला पाच बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच. मारुतीची जिप्सी सुझुकीची, म्हणजे जपानी, मिलिमीटरवाली. तिच्याही चाकाला पाच बोल्ट, वर्तुळ १३९.७ मिलिमीटर. तेच साडेपाच इंच! जगात दुसरं काहीही एकमेकांशी जुळत नसताना ही एक गोष्ट जुळली आणि उस्तादचा ईश्वरावरचा विश्वास त्यावर टिकून आहे.

ट्रान्सफर केस बदलणं हे एक्सलच्या वरच्या इयत्तेचं काम. जुन्या जीपचं ट्रान्सफर, म्हणजे स्पायसरचं १८ नंबरचं, हे लोखंडी ओतीव आणि अत्यंत टिकाऊ. तुटत नाही. फक्त गळतं. गळणं हा त्याचा स्वभाव. त्यातलं आणि गिअरबॉक्समधलं ऑइल आतल्या आत एकमेकांकडे येत-जात असतं. गिअरबॉक्समध्ये भरलेलं नव्वद नंबर काही दिवसांनी ट्रान्सफरमध्ये सापडतं, कधी उलटं होतं, आणि उरलेलं बाहेर पडून हॅण्डब्रेकच्या ड्रममध्ये जातं. हॅण्डब्रेक इथे कुठून आला? तर या जीपचा हॅण्डब्रेक चाकांवर नसतोच. ट्रान्सफरच्या मागच्या तोंडाला, शाफ्टवर, एक ड्रम असतो, तोच हॅण्डब्रेक. ऑइल गळणाऱ्या डब्याच्या तोंडाशी ब्रेक बसवायची कल्पना ज्या अमेरिकन साहेबाला सुचली, त्याच्या गावात चढ-उतार नसावा. परिणाम एवढाच, की ऑइलनं न्हालेला हॅण्डब्रेक ओढला तरी गाडीला ते कळत नाही. आणि ट्रान्सफरच बदललं, दुसऱ्या गाडीचं बसवलं, तर हॅण्डब्रेक जुन्या ट्रान्सफरसोबत भंगारात जातो. नव्याला तो असेलच असं नाही.

म्हणून नरखेड-काटोल पट्ट्यात अशा जीपमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी एक दगड असतो. साधासुधा नाही, निवडलेला. एका बाजूनं उतरता, दुसऱ्या बाजूला पकडायला खाच. गाडी थांबली की आधी दगड उतरतो, मग माणसं. भाऊजींचा दगड जुना आहे, चार ट्रान्सफर केस बदलल्या तरी तोच चालू आहे. एका लग्नाच्या मांडवात कुणीतरी तो चुलीला लावला तेव्हा जेवणं अर्धा तास थांबली होती.

आता ती हकीकत, जी ऐकल्याशिवाय उस्ताद कुणाला नवीन एक्सल बसवून देत नाही. विलीजच्या ट्रान्सफरमधून शाफ्ट उजव्या अंगाला निघतो, म्हणून पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलचा गोळाही, म्हणजे डिफरेन्शियलचा फुगवटा, उजव्या अंगाला. एका शेतकऱ्याला, कोणत्या गावचा ते उस्ताद प्रत्येक वेळी बदलून सांगतो, एक दणकट मागचा एक्सल फार स्वस्तात मिळाला. दोष एकच, गोळा डावीकडे. त्याच्या घरच्या फिटरनं, उस्तादनं नव्हे, हे तो तीनदा सांगतो, दुपारभर विचार केला. मग त्याला उजेड पडला. एक्सल उलटा करायचा! वरचं खाली, खालचं वर. गोळा आपोआप उजवीकडे येतो. बरोबरच आहे, येतोच. पाट्यांच्या जागा कापल्या, वरच्या बाजूला वेल्ड केल्या, हवेचं भोक खाली गेलं तिथून ऑइल टपकू लागलं, त्याला साबण लावला. शाफ्ट जोडला. नारळ फोडला. मालकानं पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि जीप मागे गेली.

मालकाला वाटलं, रिव्हर्स पडला. पुन्हा नीट पहिला टाकला. जीप आणखी मागे. पाण्याची टाकी. दुसरा टाकून बघितला, तर मागेच, पण जरा झपाट्यानं. मग कुणीतरी म्हणालं, रिव्हर्स टाकून पाहा. टाकला, आणि जीप अदबीनं पुढे निघाली. एक्सल उलटा केला की पिनियन फिरतो तसाच फिरतो, पण क्राऊन त्याच्या दुसऱ्या अंगाला गेलेला असतो. चाकं उलटी. गाडीला एकूण चार गिअर, त्यातले तीन मागे जायचे आणि एक पुढे.

आता कुणीही शहाण्यानं एक्सल पुन्हा उतरवला असता. पण वेल्डिंगचे पैसे देऊन झाले होते. शिवाय मालकाचं म्हणणं असं, की बगीच्यात पुढे जायला किती वेग लागतो? एक गिअर पुष्कळ. तो काही दिवस तशीच वापरायचा. सोमवारच्या बाजाराला रिव्हर्समध्ये जायचा आणि लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून त्याला हात करायचे. गंमत वेगळीच झाली. एका पावसात जीप रुतली आणि त्यानं सवयीनं फोर व्हीलचा दांडा ओढला. पुढचा एक्सल सरळ, मागचा उलटा. पुढच्या चाकांनी पुढे ओढलं, मागच्यांनी मागे. जीप जागच्या जागी थरथरू लागली. इंजिनाचा धूर, चिखलाचा फवारा, आणि गाडी इंचभर हलेना, ना पुढे ना मागे. मालक खाली उतरला, कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, "हॅण्डब्रेक नव्हता ना हिले? आता झाला."

खरी का खोटी, उस्ताद जाणे. यंत्रशास्त्र मात्र शंभर टक्के खरं आहे. मी कागदावर दाते काढून पाहिले.

कायद्याकडे येतो म्हणालो होतो. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कंपनीनं गाडी जशी बनवली आणि आरसीवर जशी नोंदली, त्यात तफावत येईल असा बदल मालकाला करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. निकाल स्पष्ट आहे. त्यावर भाऊजींचा युक्तिवादही स्पष्ट आहे. आरसीवर चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो, रंग असतो, एक्सलचा नंबर कुठे आहे? दाखवा. शिवाय कंपनीनं गाडी "जशी बनवली" तशी ती राहिलेली आहे का, हे ठरवायला कंपनीचा जो माणूस लागेल, तो हयात पाहिजे. वकिली दृष्टीनं यात काही दम नाही, पण ऐकणाऱ्याला चहा मिळालेला असतो. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची पुन्हा नोंदणी करायला पूर्वी ६०० रुपये लागत, १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले. तेही त्यांनी भरले. एमएच ४० ची पाटी घासूनपुसून जीप तपासणीला नेली, त्या दिवशी तिच्या अंगावर सगळे मूळचे भाग होते. आदल्या रात्री उस्ताद आणि दोन पोरं कंदील लावून काम करत होती. संध्याकाळी गाडी परत आली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कलम. एक्सल बदलण्यात हात किती बसलाय, याची ती खरी परीक्षा होती.

अलीकडे एक संकट आलं आहे. शासनानं २०२१ मध्ये शेतरस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. तालुक्यातला प्रत्येक शेतकरी पांदण पक्की व्हावी म्हणून पाठपुरावा करतो. भाऊजींनीही अर्जावर सही केली, पण चेहरा बघण्यासारखा होता. मुरूम पडला, रोलर फिरला, की त्या सदतीस पटीचं करायचं काय? ताईनं विचारलंच, "आता तरी थे लोखंड इकाल ना?" ते म्हणाले, "मुरूम वाहून जाते." एवढ्या आशेनं पावसाची वाट पाहणारा शेतकरी मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात जीप एकदा रुतलीच. नाल्याच्या काठाला, जिथे दोन चाकांच्या गाडीला पोचताच आलं नसतं. चारही चाकांना जोर असण्याचा फायदा हा, की माणूस जास्त आत जाऊन, जास्त खोल रुतू शकतो. भाऊजींनी हळू चाल लावली, चारही चाकं इमानदारीनं फिरली आणि जीप इमानदारीनं पोटावर बसली. मग शेजाऱ्याचा जुना बी-२७५ ट्रॅक्टर आला. साखळी बांधली. जीपमधलं डिझेल इंजिन त्या ट्रॅक्टरच्याच घराण्यातलं, हे शेजाऱ्यानं ओळखलं आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "भाऊबंदच कामी येते शेवटी." भाऊजी काही बोलले नाहीत. ट्रॅक्टरचा मागचा एक्सल मात्र त्यांनी खाली वाकून नीट पाहून घेतला.

आणि आता पुढची पिढी. भाचा पुण्याला नोकरीला लागला, त्यानं थार घेतली. घरी सांगितलं, बाबा, तुमच्या जीपची नात आणतोय. गावात पेढे वाटले गेले. पूजा झाली, लिंबं चाकाखाली गेली, भाऊजींनी दार उघडून आत बघितलं. गिअरचा दांडा दिसला. दुसरा दांडा दिसला नाही. त्यांना वाटलं, आता बटणावर असेल. बटणही सापडेना. भाच्यानं सांगितलं, ही मागच्या चाकांवर चालणारी. कंपनीनं जानेवारी २०२३ मध्ये काढली, दहा लाखांच्या आतून सुरू, लोकांच्या उड्या पडल्यात. पुण्यात फोर व्हील कुठे लागतं?

भाऊजी ओट्यावर बसले. कोरीकरकरीत जीप, आणि पुढच्या चाकांना काही कामच नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात उतरायला वेळ लागत होता. उस्तादला पूजेचं आमंत्रण होतं, तो नवीन कपडे घालून आला होता. त्यानं कुणाला न विचारता सदरा वर खोचला, अंगणातल्या ओल्या मातीवर पाठ टेकली आणि थारच्या खाली सरकला. बराच वेळ फक्त पाय दिसत होते. मग आतून आवाज आला.

"काकाजी, पुढं जागा हाये."

भाऊजी उठून उभे राहिले. भाचा म्हणाला, "अहो उस्ताद, नवीन गाडी आहे!"

"म्हनूनच इचारतो ना भाऊ," खालून उत्तर आलं, "वारंटी कवा संपते हिची?"